मोटारीचा खडखडाट व बोटभर जागा

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे तिच्या पाठोपाठ तिची काळजीही उंबरठा ओलांडून आंत येते, हें गृहस्थाश्रमी वाचकांस निराळें सांगावयास नकोच. गोठ्यांतून येणाऱ्या हंबरण्यावरून गाय भुकेली आहे कीं आजारी आहे, हें आमच्या आजोबांना अंथरुणावर पडल्या पडल्या समजत असे. आज गोठ्याच्या जागीं मोटार उभी आहे; परंतु तिच्या आवाजाकडे तसा कान देण्याची संवय आम्हीं लावून घेतलेली नाहीं. आवाज आला कीं तो बंद करावा, एवढेंच आम्हांस कळतें. तो कां आला हें विचारण्याचे कष्ट न घेतल्यामुळें आमच्या कुटुंबावर दोन वर्षांपूर्वीं जो प्रसंग आला, तो येथें सांगण्याचें योजिलें आहे. आणि गाडीच्या पोटाला लागून खडखडणारा सायलेन्सर नीट कसा बसवावा याविषयीं जें ज्ञान त्या निमित्तानें आम्हांस मिळालें, तेंही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एक सायलेन्सर आणि तीन उपाय

आमचें कुटुंब पुण्याच्या एका जुन्या पेठेंत राहतें. मातोश्री, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां आणि चार मुलें असा परिवार. मोटार मात्र एकच, बारा वर्षांची, चार सिलिंडरांची व पेट्रोलवर चालणारी. त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस तिचा सायलेन्सर गंजून फुटला. सायलेन्सर बाहेरच्या चिखलानें गंजतो अशी समजूत आहे, पण तो आंतूनही तितकाच गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतील हायड्रोजनचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. लांबच्या प्रवासांत त्याची वाफ होऊन तें निघून जातें. परंतु मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाहीं आणि तें पाणी त्याच्या पोटांत सांचून राहतें. सकाळीं गाडी सुरू केली असतां मागच्या नळींतून थेंब ठिबकतात, ते या पाण्याचेच.

मूळ कारखान्याचा सायलेन्सर महाग पडतो म्हणून बाजारांतील दुसऱ्या बनावटीचा घ्यावा असें ठरलें. या कामीं पुढाकार घेतला तो थोरल्या बंधूंच्या चिरंजीवानें. हा आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो आणि मोटारींविषयीं त्याला मोठें प्रेम आहे. ज्या दुकानांत तो गाडी घेऊन गेला तेथें त्याला असें पटविण्यांत आलें कीं, सायलेन्सराबरोबर पुढील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून त्या जागीं साधी सरळ नळी टाकली म्हणजे गाडी मोकळा श्वास घेईल. काढलेला कन्व्हर्टर भंगारांत घेण्याची तयारीही दुकानदारानें दाखविली. परंतु निघतांना मातोश्रींनीं नातवाला बजावलें होतें, "बदललेला एकूण एक भाग घरीं आणायचा हं, बाळ. टाकायचं कीं ठेवायचं तें आपण ठरवूं." त्यामुळें कन्व्हर्टर गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर गेला. त्या जुनाट दिसणाऱ्या डब्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो व म्हणूनच भंगारवाले त्यावर टपलेले असतात, हें आम्हांस पुढें कळलें.

तीन दिवसांतच गाडीच्या पोटाखालून खडखड ऐकूं येऊं लागली. चौकांत गाडी उभी असली कीं पत्र्यावर कोणी चमचा वाजवीत आहे असा आवाज येई; वेग घेतला कीं तो थांबे; आणि गतिरोधकावरून जातांना एकदांच ठणकन् ठोका बसे. दुकानदारानें प्रथम नळी व तळाचा पत्रा यांच्यामध्यें रबराचा तुकडा कोंबून दिला. खडखड गेली, पण तिच्या जागीं भणभण सुरू झाली, आणि चार दिवसांत रबर जळून त्याची दुर्गंधि गाडीभर पसरली. दुसऱ्या खेपेस नळी जाड तारेनें आवळून बांधली; तेव्हां सारी गाडीच तंबोऱ्यासारखी घुमूं लागली. तिसऱ्या खेपेस तेथील माणसानें हातोडी घेतली आणि जेथें नळी पत्र्यास लागत होती तेथें ती ठोकून चेपून टाकली. आवाज खरोखरीच बंद झाला. आम्हीं त्याला वर बक्षीसही दिलें! दर्शनी तबकडीवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा मात्र सरळ नळी बसविल्यापासून पेटलेला होता. त्याविषयीं विचारलें असतां, तिकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं, असें उत्तर मिळालें व आम्हीं तें मानलें.

वाईचा प्रवास

पुढील आठवड्यांत वाईस एका नातलगांकडे वास्तुशांत होती. आम्ही गाडी चालवीत होतों, शेजारीं मातोश्री व मागें वहिनी आणि आमचीं दोन्ही मुलें. एरवीं जीं मुलें कात्रज ओलांडतांच खाऊ मागूं लागतात, तीं शिरवळ येण्यापूर्वींच पेंगूं लागलीं. खंबाटकीचा चढ लागण्याच्या आधींच वहिनींचें डोकें ठणकूं लागलें. घाटांत त्यांस उलटीही झाली. घाट लागला, असें म्हणून आम्हीं लिंबाची फोड पुढें केली. वाईस पोहोंचून कृष्णेच्या घाटावर तासभर बसतांच सर्वांस हुषारी वाटली व आम्ही तो प्रकार विसरून गेलों.

संध्याकाळीं परततांना पुन्हां तेंच. खंबाटकी मागें पडली, शिरवळही मागें पडलें, रस्ता सरळ झाला, तरी मुलें माना टाकून निजलेलीं आणि वहिनींनीं कपाळ धरलेलें. आतां आमचेंही डोकें जड झालें होतें. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "घाट लागला म्हणावं तर रस्ता केव्हांच सरळ झाला. मुलं खेळून दमलीं म्हणावं तर सकाळीं ताजीं असतांनाही अशींच पेंगत होतीं. आणि वाईला सगळीं धडधाकट होतीं. हें गाडींतलंच कांहीं आहे. आधीं गाडी थांबव." आम्हीं गाडी थांबवून सर्वांस खालीं उतरविलें. मुलांस जागें करण्यास जो वेळ लागला, तो आठवला म्हणजे आजही अंगावर कांटा येतो. जवळच रस्त्याच्या कडेस एक लहानसें गॅरेज होतें. तेथें गाडी ठेवून भाड्याच्या मोटारीनें आम्ही घरीं आलों. आमच्या डॉक्टरांनीं त्या रात्रींच सर्वांस तपासलें, सारी हकीकत ऐकून घेतली आणि दोनच शब्द उच्चारले: "कार्बन मोनॉक्साइड."

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. इंधन अपुरें जळालें कीं तो उत्पन्न होतो. श्वासाबरोबर तो रक्तांत शिरला म्हणजे प्राणवायु वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक ओढीनें जाऊन चिकटतो. आणि मग रक्त वाहत असूनही शरीर प्राणवायूवांचून उपाशी राहूं लागतें. डोकें दुखणें, मळमळ, चक्कर, गुंगी हीं त्याचीं पहिलीं लक्षणें. तीं गाडी लागण्याच्या लक्षणांसारखींच असल्यामुळें फसगत होते. अशा वेळीं गाडी तत्काळ थांबवून सर्वांनीं मोकळ्या हवेंत यावें व विलंब न करतां रुग्णालय गांठावें. तेथें प्राणवायु देऊन उपचार करतात. गाडीचें मागील दार उघडें टाकून जाणें हा तर उपाय नव्हेच. चालत्या गाडीमागें जी पोकळी होते तिच्यामुळें धूर उलट आंत ओढला जातो.

गॅरेजांतील धडा

दुसऱ्या दिवशीं पुतण्याला घेऊन आम्ही त्या गॅरेजांत गेलों. तेथील वृद्ध कारागिरानें गाडी वर उचलली, खालून विजेरी फिरविली आणि पुतण्याला जवळ बोलावून एक एक गोष्ट दाखविली. हातोडीच्या घावांनीं नळी चपटी झाली होती आणि तिच्या मागचा सांधा फांकून त्याच्या भोंवतीं काळीभोर काजळी जमली होती. बरोबर त्याच्यावर, मागील बैठकीखालीं, तळाच्या पत्र्याचें एक रबरी बूच नाहींसें झालें होतें. फांकलेला सांधा व मोकळें भोंक यांच्यामध्यें वीतभरही अंतर नव्हतें. आणि विषारी वायु निरुपद्रवी करणारा जो कन्व्हर्टर, तो आमच्या माळ्यावर गोणपाटांत झोंपला होता! म्हातारा म्हणाला, "साहेब, नळी सांगत होती कीं मला जागा द्या. तुम्ही तिचं तोंड दाबलंत." पुतण्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. त्याला कोणी रागावलें नाहीं, कारण बक्षीस देणारे आम्हीच होतों.

सायलेन्सर आवाज कां करतो हें समजण्यास तो टांगलेला कसा असतो हें आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांतील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनीं इंजिनाचा आवाज दडपणाऱ्या उपकरणाचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. तेव्हांपासून आजतागायत त्यामागील तत्त्व फारसें बदललेलें नाहीं. भोंकें पाडलेल्या नळ्या व कप्पे यांमधून धूर फिरवावयाचा, म्हणजे आवाजाच्या लहरी एकमेकींवर आपटून क्षीण होतात. इंजिनापासून निघालेला हा मार्ग कन्व्हर्टरमधून, गाडीच्या पोटाखालून, पेट्रोलच्या टाकीजवळून व मागील चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला चुकवून शेवटच्या डब्यापर्यंत जातो. आणि ही सारी लांबलचक नळी गाडीला खिळ्यानें ठोकलेली नसून केवळ रबराच्या कांहीं कड्यांवर झोंपाळ्यासारखी टांगलेली असते.

असें कां? तर ती नळी क्षणभरही स्वस्थ नसते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीनें चाललें, तरी त्यांत सेकंदाला सुमारें २७ स्फोट होतात व तो कंप नळींत उतरतो. इंजिन स्वतः रबरावर बसलेलें असल्यामुळें क्लच सोडतांना व वेग घेतांना तें हेलकावतें आणि नळीला आपल्याबरोबर हलवितें. त्याखेरीज उष्णता आहे. ३ मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी सरासरी २०० अंशांनीं तापली तर सुमारें ७ मिलिमीटर वाढते. आपल्या स्वयंपाकघरांतील भांड्यांसारख्या स्टेनलेस स्टीलची असली तर सुमारें १० मिलिमीटर. गाडी थंड असतांना पत्र्यापासून सुटी दिसणारी नळी तापल्यावर त्यास कां लागते, याचें उत्तर येथें आहे. मूळ कारखान्यानें हें सर्व हिशेबांत धरलेलें असतें. दुसऱ्या बनावटीच्या सायलेन्सरांत मात्र टांगण्याची सळई कांहीं मिलिमीटर इकडे तिकडे जोडलेली असते, नळीचा घेर जास्त असतो, किंवा डबा जड असल्यामुळें रबरें ताणून तो खालीं अथवा एका बाजूस झुकतो. मग खडखड न होईल तर नवल!

आवाजाची परीक्षा

हात लावण्यापूर्वीं कान लावावा, हा त्या कारागिराचा पहिला नियम. गाडी उभी असतांनाच खडखड येऊन वेग घेतांच जात असेल, तर त्या मंद गतीचा कंप नळीच्या स्वाभाविक आंदोलनाशीं जुळत आहे व ती पत्र्याच्या अगदीं निकट आहे असें समजावें. थंड असतांना आवाज नसून अर्ध्या तासानें येत असेल, तर नळी वाढून लागत आहे. केवळ खाचखळग्यांत येत असेल, तर एखादें रबर तुटलेलें वा सैल आहे. मागें तिघे बसले म्हणजेच येत असेल, तर गाडी खालीं दबून मागचा आडवा दांडा नळीला भेटत आहे.

नंतर गाडी पुरती थंड होऊं द्यावी. त्यास कांहीं तास लागतात. हातांत जाड मोजे घालून डब्यावर मुठीनें हलकेच थाप मारावी. पत्र्यासारखा कंप पावणारा आवाज आला, तर दोष नळीचा नसून तिच्यावरील उष्णतारोधक पत्र्याचा असूं शकतो. त्याचा गंजलेला बोल्ट मोठ्या चकतीसह बदलला कीं काम भागतें. डब्याच्या आंत खडे हलल्यासारखें वाजलें, तर आंतील कप्पा अथवा कन्व्हर्टरमधील चिनी मातीचा भाग फुटला आहे, आणि तो रोग बाहेरून बरा होणारा नव्हे. गाडीखालीं जावयाचें तर केवळ जॅकवर विसंबून कदापि जाऊं नये. सपाट जमीन, हातब्रेक, चाकांना लाकडी अटकाव आणि भक्कम लोखंडी घोड्या, एवढें जमत नसेल तर गाडी गॅरेजांतच न्यावी. जॅक घसरून माणूस दगावल्याचीं उदाहरणें थोडींथोडकीं नाहींत.

दुरुस्तीचा क्रम

आमच्या गाडीची चपटी नळी व तार काढून टाकण्यांत आली, तळाच्या भोंकास नवें रबरी बूच बसलें आणि माळ्यावरील कन्व्हर्टर आपल्या मूळ जागीं परत आला. मग खरें काम सुरू झालें, आणि तें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. आम्हांस वाटलें होतें, कारागीर सर्व बोल्ट आवळील. त्यानें उलट सर्व सैल केले. आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल घालून ठेवलेले सांधे त्यानें इंजिनापासून अखेरपर्यंत एवढे ढिले केले कीं सारी नळी रबरांवर लोंबूं लागली. "वांकडी असतांना आवळली तर ती वांकडीच राहील," असें त्याचें म्हणणें. कडक झालेलीं व भेगाळलेलीं रबरें टाकून त्यानें उष्णता सहन करणारीं नवीं घातलीं. मग डबा व नळ्या हातानें फिरवून, वर-खालीं करून त्यानें प्रत्येक ठिकाणीं बोट घालून पाहिलें: पत्र्यापासून, टाकीपासून, आडव्या दांड्यापासून, ब्रेकच्या नळ्यांपासून. चहूं बाजूंनीं निदान १५ ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटभर जागा सुटलीच पाहिजे, असा त्याचा कटाक्ष होता.

एक सळई मात्र ऐकेना. ती दुकानांतील डब्यावर मुळांतच तिरपी जोडलेली होती. त्यानें ती वांकविण्याच्या भानगडींत न पडतां डबा गाडीपासून उतरविला, सळई कापली आणि योग्य जागीं वेल्डिंग करून पुन्हां टांगली. टाकीशेजारीं, गाडीवर असतांनाच वेल्डिंग करणें धोक्याचें. आणि गाडीवर कोठेंही वेल्डिंग करणें भागच पडलें, तर बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडावें, असें त्यानें पुतण्याला सांगितलें. मग सांध्यांत नवीं पॅकिंगें घालून त्यानें इंजिनाकडून मागें येत एक एक सांधा आवळला. पुढच्या सांध्याच्या बोल्टांवर ज्या स्प्रिंगा असतात त्या त्यानें पुऱ्या दाबल्या नाहींत, कारण इंजिनाच्या हेलकाव्याबरोबर तो सांधा किंचित् हलावा म्हणूनच त्या तेथें ठेवलेल्या असतात. शेवटीं साबणाचें पाणी सांध्यांवर लावून त्यानें इंजिन सुरू केलें. नळ्या तापण्यापूर्वीं मागच्या नळीच्या तोंडाशीं ओलें फडकें क्षणभर धरलें आणि सांध्यांत कोठें बुडबुडे येत नाहींत याची खात्री करून घेतली. ही परीक्षा उघड्या जागींच करावी, बंद शेडमध्यें नव्हे.

काय करूं नये, तेंही त्यानें मोजून सांगितलें. नळी ठोकून चेपूं नये. सांधे फांकतात व धुराचा मार्ग अडतो. तारेनें वा पट्टीनें ताठ बांधूं नये. रबर जो कंप गिळतें तो तारेवाटे सगळ्या गाडींत पसरतो. मध्यें कापड अथवा रबर कोंबूं नये. तें पेट घेतें. आणि उष्णतारोधक पत्रा आवाज करतो म्हणून काढून टाकूं नये; कन्व्हर्टर कामांत असतांना कित्येक शें अंश तापतो, व तो पत्रा नसेल तर वरील सतरंजी आणि खालचें वाळलें गवत यांना तितकीच उष्णता लागते.

घरचा गेरू

येथें ही कथा संपावयाची. पण आठवड्यानें, सारीं मंडळी एकत्र निघालीं असतां, मागून पुन्हां एक बारीक टकटक ऐकूं आली. या वेळीं कोणीही हातोडीची भाषा बोललें नाहीं. पुतण्यानें विजेरीनें पाहिलें. गाडी उभी असतांना सर्वत्र बोटभर जागा होती. नळी नेमकी कोठें लागते हें कसें ओळखावें, असा विचार चालला असतां मातोश्रींनीं तुळशीवृंदावनाला लावावयाचा गेरू वाटींत कालवून दिला. "हा लाव तिला. जिथं शिवेल तिथं डाग पडेल," असें त्या म्हणाल्या. थंड नळीच्या मागील वळणावर गेरूचा पट्टा दिला, तो वाळण्यापूर्वीं तिघांस मागें बसवून पेठेंतील दोन गतिरोधक ओलांडले आणि परत येऊन पाहतों तों मागच्या आडव्या दांड्यावर चिंचोक्याएवढा लाल डाग! गाडी थंड झाल्यावर पुतण्यानें त्याच गॅरेजांत जाऊन मागचा एक क्लॅम्प सैल करविला आणि डबा किंचित् फिरवून पुन्हां आवळून घेतला. नंतर थंड असतांना, अर्धा तास चालवून तापल्यावर, मागें तिघांस बसवून आणि उलट गियरमध्यें, अशी चार प्रकारें परीक्षा झाली. शेंदीडशें किलोमीटर चालल्यावर सर्व सांधे पुन्हां एकवार तपासले. त्यानंतर आजतागायत टकटक नाहीं, भणभण नाहीं, आणि वाईच्या वाटेवर मुलें पूर्ववत् खाऊ मागून भंडावून सोडीत आहेत. पिवळा दिवाही आपण होऊन विझला. कन्व्हर्टरच्या जागीं नळी बसल्यामुळें प्राणवायु मोजणारें उपकरण तो दिवा पेटवीत होतें. तोही एक निरोपच होता.

कायद्याचा एक शब्द सांगणें अवश्य आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकेंतील बहुतेक नव्या मोटारींत १९७५ पासून आला व आपल्याकडे १९९५ पासून प्रथम चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींस लागू झाला. तो काढून टाकणें हा हौसेचा प्रश्न नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणें, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे व हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात, व तीन महिने परवान्यासही मुकावें लागतें. दुसऱ्या बनावटीचा सायलेन्सर घेणें हा अपराध नव्हे. पण तो मूळच्याइतकाच शांत असावा आणि मूळच्या मार्गांतील कोणताही भाग गाळूं नये, एवढें पथ्य सांभाळलेंच पाहिजे.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या सकाळीं, गाडी थंड असतांना, सतरंजी अंथरून तिच्या बाजूस आडवा होतो, विजेरीनें खालीं पाहतो, प्रत्येक रबर निरखतो आणि हात पोहोंचेल तेथें बोट घालून जागा मोजतो. देवपूजा आटोपून मातोश्री ओसरीवर येतात व विचारतात, "काय रे, आज काय म्हणते गाडी?" एके रविवारीं त्यानें उत्तर दिलें, "आजी, सगळं बोटभर सुटं आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "असूं दे. घरांतल्या माणसांनाही तेवढी जागा लागते. सोडून द्यायचं नाहीं, आणि आवळायचंही नाहीं." आमच्या घरांत दोन चुली होतां होतां राहिल्या, तो काळ थोरल्या बंधूंना व आम्हांला ठाऊक आहे. आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां चहा घ्यावयास आंत गेलों.